मेळघाटात कोरकू शिकताना

मेळघाटात कोरकू शिकणाऱ्याची खरी अडचण कोरकूचं व्याकरण नाही, हिंदी आहे. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कुठल्याही गावात जा, लोक तुमच्याशी हिंदीतच बोलणार. बाहेरून आलेला माणूस म्हणजे हिंदी, हे तिथे पिढ्यानपिढ्या ठरून गेलंय. जंगल खात्याचा गार्ड हिंदीत दटावतो, बाजारातला व्यापारी हिंदीत भाव सांगतो, दवाखान्यातली सिस्टर मराठी-हिंदीची मिसळ करून सुई टोचते. मग नगरकडून आलेल्या एका ख्रिस्ती जोडप्याशी लोकांनी वेगळं काय म्हणून वागावं? आम्ही तोडक्यामोडक्या कोरकूत काही विचारलं की समोरचा हसून हिंदीत उत्तर द्यायचा. त्याच्या दृष्टीने तो आमची सोय बघत होता. आमची मात्र शिकवणी बुडत होती.

या गोष्टीची तयारी इथे येण्याआधीच्या मिशनरी प्रशिक्षणात कुणी करून घेतली नव्हती. तिथे स्वनविज्ञान, म्हणजे उच्चारांचं शास्त्र होतं. ओठ, जीभ, टाळू, घसा यांचा नकाशा तोंडपाठ करून घेतला होता. नात्यांचे तक्ते काढायला शिकवले होते. एका दुपारी आमच्या शिक्षकांनी केनेथ पाईक या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा गाजलेला प्रयोग करून दाखवला. आपल्याला अजिबात न येणारी भाषा बोलणारा माणूस समोर बसवायचा, मधली कुठलीही भाषा वापरायची नाही, आणि पान, काडी, दगड दाखवत आधी शब्द, मग वाक्यं, मग व्याकरण उकलत जायचं. तासाभरात फळा भरला आणि आम्ही भारावून गेलो. गावात आल्यावर मी मोठ्या उत्साहाने अंगणात बसून एका पोराला सागाचं पान दाखवलं. "पत्ता," तो म्हणाला. काडी दाखवली. "लकडी." दगड उचलल्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि घरात जाऊन आईला सांगितलं की या साहेबाला हिंदीसुद्धा येत नाही.

पाईकचा प्रयोग खोटा नाही. पण ज्यांची दुसरी कुठली भाषा आपल्याला येत नाही अशा माणसांसाठी तो आहे. आपल्याकडचा आदिवासी बहुतेक वेळा दोन-तीन भाषांत वावरणारा असतो, आणि आपण मात्र त्याला 'आमची भाषा न येणारा' म्हणून ओळखतो. मेळघाटातली सातवी नापास मुलगी घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलते. तिला आमच्याशी कोरकू बोलायची गरजच काय होती?

कोरकू ही हिंदीची किंवा मराठीची बोली आहे, असं अमरावतीत शिकलेसवरलेले लोकही बिनदिक्कत सांगतात. ती मुंडा कुळातली आहे, संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली. झारखंडातल्या या बहिणींपासून शेकडो मैल दूर, सातपुड्यात येऊन राहिलेली, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांहून अधिक लोक नोंदले गेले, त्यातले बरेचसे मध्य प्रदेशातल्या बैतूल, खंडवा भागातले. संथालीला २००३ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. कोरकू अजून बाहेरच आहे.

गावात राहायची परवानगी मागायला आम्ही पटेलाकडे, म्हणजे गावच्या प्रमुखाकडे गेलो तेव्हा बैठक जमवली गेली. आम्ही आडपडदा ठेवला नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, तुमची भाषा शिकायची आहे, पुढेमागे येशूच्या गोष्टी त्या भाषेत उतरवायच्या आहेत. औषधं नाहीत, योजना नाही, पैसे नाहीत. पटेल बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "कागज लेके बहुत लोग आए." खरंच होतं ते. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या, तेव्हापासून सर्वेक्षण करणाऱ्यांची रीघ लागली आहे. माणसांनी तीच ती उत्तरं किती जणांना द्यावीत? शेवटी दोन अटींवर जागा मिळाली. देवाच्या जागेचे फोटो काढायचे नाहीत, आणि कुणाच्या भांडणात साक्ष द्यायची नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड निघाली.

हा उद्योग काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले, मराठी शिकले, आणि १६१६ साली त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं. आज आपण त्यांना मराठीचे कवी म्हणून शाळेत वाचतो. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप गोंडांची गाणी आणि शब्द गोळा करत हिंडायचे. १८६३ साली ते बुडून गेले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी पुढे १८६६मध्ये छापून आणले. व्हेरिअर एल्विन १९२७ साली मिशनरी म्हणून पुण्यात आले, मग मंडल्याच्या गोंडांमध्ये राहायला गेले आणि राहता राहता चर्चच सोडून बसले. प्रशिक्षणात त्यांचं नाव निघालं की एक शिक्षक हसून म्हणायचे, "संस्कृती फार मन लावून शिकू नका." ते थट्टेत बोलायचे, पण अगदीच थट्टेत नाही. कोरकूपुरतं बोलायचं तर जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने लिहिलेलं व्याकरण १९०३ साली कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छापलं. त्याची फोटोकॉपी आमच्या उशाशी असायची. शंभर वर्षांपूर्वी वाहनं नव्हती, वीज नव्हती, हाताशी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, तरी या माणसाला क्रियापदाचे प्रत्यय ऐकू आले कसे, याचं मला अजून नवल वाटतं.

मराठी मातृभाषेचा आम्हाला एका जागी फुकटचा फायदा झाला. कोरकूत ऐकणाऱ्याला धरून 'आपण' वेगळं आणि त्याला वगळून 'आम्ही' वेगळं. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला हे घोकावं लागतं, आपल्याला घरातच मिळतं. पण कोरकू तिथे थांबत नाही. 'आपण दोघं' आणि 'आपण सगळे' यांनाही ती वेगळं धरते. शाळेत संस्कृतच्या तासाला द्विवचनाचा कंटाळा केला होता, त्याची भरपाई इथे झाली. अनेकवचनाचा 'कू' सजीवांना लागतो. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला 'कू' लावला की कोरकू, माणसं. क्रियापद तर आगगाडीसारखं, डब्यामागे डबा. सुराचं मात्र मला शेवटपर्यंत जड गेलं. काही शब्दांत आवाज खाली उतरतो आणि त्याने अर्थ बदलतो. मुंडा भाषांत ही तऱ्हा विरळाच. मोबाइलवर शब्दांच्या जोड्या रेकॉर्ड करून मी रात्र रात्र ऐकायचो, मला दोन्ही सारखेच वाटायचे. बायको पोळी लाटता लाटता म्हणायची, "पहिला खाली, दुसरा वर." तिचं चर्चच्या क्वायरमधलं गाणं इथे कामाला आलं.

हिंदीला वळसा घालायचा मार्गही तिलाच सापडला. हापशीवर बायका आपापसात हिंदी बोलत नाहीत. भांडं भरेपर्यंत जे काही कानावर पडेल ते ती तोंडातल्या तोंडात म्हणत यायची आणि घरी आली की कुणाशी न बोलता आधी वहीत उतरवायची. त्या वहीत सुनांच्या तक्रारी होत्या, रेशनच्या शिव्या होत्या, कुणाची कोंबडी कुणाच्या शेतात गेली ते होतं. माझ्या वहीत शरीराच्या अवयवांची यादी होती. कुणाची वही खरी, हे वेगळं सांगायला नको.

मग आम्ही रोजचा एक शिरस्ता लावून घेतला. सकाळी एका म्हातारीकडे बसून चारच वाक्यं तयार करायची. काल काय केलं, आज काय करणार, एवढंच. ती तोंडपाठ करायची आणि गावभर सांगत सुटायचं. कोरकू गावाची रचना यासाठी फार सोयीची. मधे रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. एका ओळीने जायचं, दुसऱ्या ओळीने यायचं. पहिल्या दारात वाक्य लंगडायचं. तिसऱ्या दारात कुणीतरी ते दुरुस्त करायचं, पाचव्या दारात कुणीतरी ती दुरुस्ती चूक ठरवायचं, आणि रस्ता ओलांडून परतताना समोरच्या ओळीतली माणसं आमचं वाक्य आमच्या आधी म्हणून दाखवायची. पोरं तर मागूनच यायची. वेडगळ दिसायचं हे सगळं. पण एक झालं. त्या वाक्यांना हिंदीत उत्तर देण्यासारखं काही नव्हतं. 'मी काल बाजारात गेलो, मीठ आणलं,' याला माणूस काय बोलणार? तो चूक काढणार, नाहीतर बायकोला हाक मारून सांगणार की बघ, हा काय म्हणतोय. आणि ती हाक कोरकूत असायची.

तरीही हे शिकवणीतलं कोरकू होतं. आमच्यासाठी सावकाश बोललेलं. त्यातून बाहेर पडलो ते गावाबाहेर गेल्यावर.

दिवाळीनंतर मेळघाटातली गावं रिकामी व्हायला लागतात. लोक खाली सपाटीवर कामाला उतरतात, काही होळीपर्यंत परतत नाहीत. आमची म्हातारी आणि दोन-तीन घरं सोडली तर शिकवायला कुणी उरलंच नाही, तेव्हा आम्हीही एका टोळीबरोबर अचलपूरकडे हरभऱ्याच्या सोंगणीला गेलो. माझी सोंगणी बघून हसायला सगळ्यांना एक विषय मिळाला. पण तिथे मला न आवडणारी एक गोष्ट घडली. माझं मराठी ऐकताच शेतमालकाने मला मुकादम धरलं. टोळीतल्या कुणाकडे न बघता तो माझ्याशी बोलायचा, "साहेब, तुमच्या लोकायले सांगा, उद्या सकाऊन लवकर या म्हना." डोंगरावर मी त्यांच्या दारातला बाहेरचा माणूस होतो, इथे एका वाक्यात मालकाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो होतो. टोळीतले तरुण माझ्याशी पुन्हा हिंदीत बोलायला लागले.

तिसऱ्याच दिवशी की चौथ्या, मालक बांधावर उभा राहून मजुरीचं बोलत होता. टोळीतली एक बाई पेंढ्या रचत होती. माझ्याकडे न बघता, हात न थांबवता, ती कोरकूत बोलली. भराभर, आमच्यासाठी सावकाश केलेल्या चालीत नव्हे. पलीकडच्या वावरात जास्त देतात, शिवाय ट्रॅक्टरने सोडतात. हे त्याला सांग, पण आम्ही सांगितलं म्हणून सांगू नकोस. मला सगळं कळलं. मालकाला काहीच कळलं नाही. मी माझ्या अंगचं म्हणून मराठीत ते मांडलं. तो कुरकुरला. भाव वाढवला नाही, ट्रॅक्टर दिला. त्या संध्याकाळपासून टोळीत माझ्याशी हिंदी बोलणं जवळजवळ थांबलं. बाहेरच्या माणसापासून काहीतरी राखून ठेवण्यासाठीही भाषा असते, आणि आतापर्यंत ते आमच्यापासूनच राखलं जात होतं, हे तिथे उमगलं. प्रशिक्षणातल्या कुठल्याही टिपणात हे नव्हतं.

होळीला सगळे परत आले. कोरकूंचा खरा सण तोच. ढोल, नाच, वाटेवर दोरी आडवी धरून मागितलेला फगवा. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी भर घालत नाही.

सिडोलीचं मात्र सांगायला हवं. माणूस गेल्यावर लगेच नव्हे, घरच्यांना ऐपत जमेल तेव्हा सिडोली करतात. सागाच्या लाकडाचा मुंडा, म्हणजे मेलेल्याच्या आठवणीचा खांब, घडवतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरतात, आणि तो गावाबाहेर जुन्या मुंड्यांशेजारी नेऊन रोवतात. मेलेला तेव्हा कुठे पूर्वजांत जाऊन बसतो. आम्हाला एका घरातून बोलावणं आलं आणि आम्हा नवराबायकोत पहिल्यांदा मोठा वाद झाला. तिचं म्हणणं, बळी आणि नैवेद्य जिथे चालतो तिथे आपण बसायचं नाही. माझं म्हणणं, ज्या माणसांच्या दुःखाला आपण हजर नाही त्यांना आपण काय सांगणार? शेवटी असं ठरलं की रात्रभर बसायचं, गाणी ऐकायची, प्रसादाला हात लावायचा नाही, आणि हे घरच्यांना आधीच सांगायचं. घरच्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. मोहाची 'सिडू' आधी पूर्वजांसाठी जमिनीवर शिंपडली, मग फिरली, आणि आमच्यापुढे न मागता चहा आला. म्हातारी मला म्हणाली, "तुमच्यातही पथ्यं असतीलच की." आम्ही त्यांच्या पथ्यांचा अभ्यास करत होतो, त्यांनी आमच्या पथ्यांचा करून टाकला होता.

भूमका, म्हणजे गावचा देवऋषी-वैद्य, आपल्याला शत्रू मानेल अशी माझी समजूत होती. उलट रोगांची, झाडपाल्याची, देवांची नावं त्यानेच सगळ्यात नीट सांगितली. चुकीचं लिहिलं की तो पुढचं सांगायचाच नाही. पण एका बाळाचं पोट फुगलं म्हणून त्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके, तिकडे ज्याला डंबा म्हणतात, दिलेले पाहिले त्या दिवशी 'निरीक्षण करा, मत देऊ नका' हा प्रशिक्षणातला नियम मी बाजूला ठेवला. गावच्या आशा आरोग्यसेविकेला घेऊन आलो, बाळ दवाखान्यात नेलं, भूमक्याशी उभं भांडण केलं. तो महिनाभर बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, केल्याचं नाही.

तुम्ही धर्मांतर करायला जाता, असं मराठी मित्र तोंडावर विचारतात. विचारावंच. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात १९६८पासून धर्मांतराविषयी कायदा आहे, आणि धर्म बदलणाऱ्याला अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा ही मागणीही अधूनमधून जोर धरते. माझं उत्तर एवढंच, की मी ज्यावर विश्वास ठेवतो ते लपवून कुणाच्या अंगणात बसलो नाही, आणि माझ्या अंगणात बसून 'नाही' म्हणणारी माणसं आजही रोज चहाला येतात. ज्यांना हे पटत नाही त्यांचं मन एका परिच्छेदात वळवायचा माझा विचार नाही.

भाषांतराचा पहिला कच्चा खर्डा आम्ही बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा केला. धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन परदेशी जातो, पैसे उडवतो, डुकरं राखायची वेळ आल्यावर परत येतो; बाप त्याला मिठी मारून पुष्ट वासरू कापतो आणि मोठा भाऊ रुसतो, ती ही गोष्ट. त्यालाही गंमतीचं कारण आहे. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा भाषेचा नमुना म्हणून हाच दाखला ठिकठिकाणी उतरवून घेतला होता. मुंडा आणि द्रविड भाषांचा चौथा खंड १९०६ साली निघाला. म्हणजे धर्म राहू द्या, या गोष्टीला कोरकूच्या अंगणात येऊन शतक उलटलंय. खर्डा तपासायची रीत अशी की वाचून दाखवायचा आणि 'समजलं का' असं विचारायचं नाही. गोष्ट पुन्हा सांगायला लावायची आणि मग प्रश्न विचारायचे.

एका रात्री पटेलाच्या ओसरीवर पंधरावीस माणसं जमली. पुष्ट वासराशीच पहिली ठेच लागली. आनंदाच्या दिवशी वासरू कशाला मारायचं, बोकड नव्हता का घरात? हे मी वहीत लिहून घेतलं, कारण त्यावर भाषांतराच्या सल्लागारांशी बोलावं लागणार होतं. मूळ मजकुरात वासरू आहे आणि ते आम्हाला मनाने बदलता येत नाही. मग पटेलांनी गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांच्या सांगण्यात मुलगा परक्या जातीत राहिला, त्यांची डुकरं राखली, जातीबाहेर गेला. परत आला तेव्हा बापाने गावजेवण घातलं. जेवण घातलं म्हणजे जातीत घेतलं. "दंड पोराने भरायचा असतो," पटेल म्हणाले, "इथे बापाने भरला." मी लहानपणापासून या दाखल्यावर प्रवचनं ऐकत आलोय, बापाची मिठी, अंगठी, झगा, सगळं. जेवण हा दंड आहे आणि तो भलत्याच माणसाने भरलाय, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वहीत ते लिहिताना त्यांचं पुढचं वाक्य ऐकायचं माझ्याकडून राहून गेलं.

कारण तोवर भांडण पेटलं होतं. अचलपूरला आमच्याबरोबर आलेला एक तरुण म्हणत होता, पोराने पैसे उडवलेच नाहीत, ठेकेदाराने बुडवले. घरी काय सांगणार, म्हणून गप्प बसला असेल. त्याची आजी म्हणाली, ठेकेदाराचं नाव सगळेच घेतात, तूही घेतलं होतंस. पटेलांचा धाकटा भाऊ मोठ्या मुलाच्या बाजूने उठला. वाटणी झाल्यावर उरलेलं सगळं मोठ्याचं, मग हे वासरू कुणाचं कापलं? बापाने विचारायला नको? त्यावर बायकांच्या बाजूने तीन-चार जणी एकदम बोलल्या. रेकॉर्डर चालू होता. तेवढाच भाग अजून लिहून व्हायचाय. सगळे एकदम बोलतात तिथे मला धड काही वेगळं काढता येत नाही, तर बायको कानाला हेडफोन लावून बसते आणि कोण काय म्हणालं ते एकेक करून सांगते.